कॅसेटला फुंकर नको! हातातल्या जुन्या व्हिडीओ गेमविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळीची साफसफाई झाली की या सदराकडे पत्रांची रीघ लागते. माळ्यावरची खोकी खाली येतात, त्यांतून निन्टेंडो कंपनीचा हातात धरून खेळायचा गेम बॉय निघतो, ब्रिक गेम निघतो, गेमच्या पिवळ्या कॅसेटी निघतात, आणि सेल घालून बटण सरकवलं की काहीच होत नाही. ज्यांची उत्तरं एकाहून अधिक घरांत कामी येतील, अशी पत्रं या वेळी निवडली आहेत. एक विनंती आधीच करतो. वस्तू बंद दिसते म्हणून ती भंगारवाल्याला देऊन टाकू नका. मुंबईच्या दमट हवेत यंत्राचा मेंदू सहसा मरत नाही, त्याचे सांधे गंजतात, आणि गंजलेले सांधे बहुतेक वेळा घरच्या घरी साफ करता येतात.

प्रश्न : मामांनी १९९२ च्या सुमारास आखातातून आणलेला करड्या रंगाचा, जाडजूड, पहिला गेम बॉय सापडला. सेलचं झाकण उघडलं तर आत पांढरी-हिरवी पूड साचलेली. चार नवे सेल घातले, पण लाल दिवा लागत नाही. हा दुरुस्त होईल का? (गिरगाव)

उत्तर : होण्याची शक्यता चांगली आहे. १९८९ साली बाजारात आलेलं हे यंत्र फार दणकट आहे. आतला प्रोसेसर साधा, चार मेगाहर्ट्झच्या थोडा वरचा, आणि तापणारं असं आत फारसं काही नाही. तुमचा शत्रू ती पूड आहे.

पूड कोणत्या सेलची आहे ते आधी पाहा, कारण त्यावर औषध ठरतं. अल्कलाइन सेल फुटला की त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याची पांढरी, खडबडीत पूड होते. ती अल्कधर्मी असते, म्हणून तिला पांढरं व्हिनेगर लागतं. भिंतीवरच्या घड्याळात घालतो ते स्वस्त सेल बहुधा झिंक-कार्बनचे. त्यांचा पाझर आम्लधर्मी असतो, तिथे व्हिनेगर उपयोगाचं नाही, खायच्या सोड्याची पाण्यात कालवलेली पातळ पेस्ट लावायची. जुना सेल आतच असेल तर त्यावरचं नाव वाचा. सेल फेकून दिला असेल तर पुडीवर व्हिनेगरचा एक थेंब टाका. बुडबुडे आले तर ती बहुधा अल्कलाइनची. हिरवा रंग तांब्याच्या क्षाराचा असतो, तो दोन्हींत दिसतो.

हातमोजे आणि चष्मा घाला. वर्तमानपत्रावर यंत्र उलटं धरून जुन्या टूथब्रशने कोरडी पूड आधी झाडून घ्या. मग इअरबड व्हिनेगरमध्ये बुडवून, पिळून, फक्त पत्र्यावर आणि स्प्रिंगवर फिरवा. बाटलीतून थेट ओतलंत तर द्रव फटीतून सर्किटवर उतरेल, मग साफसफाईतूनच नवा गंज सुरू होईल. एक-दोन मिनिटं थांबून पुसा, नवा इअरबड घ्या, असं पूड जाईपर्यंत करा. त्यानंतर पाण्याने ओलसर केलेला इअरबड, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, आणि शेवटी एक दिवस पंख्याखाली. स्प्रिंग तरीही काळी राहिली तर ६०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. धातू चमकला की थांबा, कारण वरचा निकेलचा मुलामा पूर्ण निघाला तर पुढच्या पावसाळ्यात तीच स्प्रिंग पुन्हा गंजणार. पट्टी खाऊन गेली असेल तर बदली पट्ट्या मिळतात.

आता मल्टिमीटर, म्हणजे विजेचा दाब मोजायचं यंत्र. चार नव्या सेलचा एकत्रित दाब सुमारे ६ व्होल्ट असायला हवा. प्रत्येक सेल वेगळा बरोबर दाखवतो आणि चौघांचा मिळून आकडा कमी येतो, तर सेलमधला एखादा जोड अजून घाण आहे. आकडा बरोबर आणि दिवा तरी बंद, तर संशय चालू-बंदच्या खटक्यावर. सेल काढून खटक्याच्या फटीत अल्कोहोलचे दोन थेंब सोडा आणि तो वीस-तीस वेळा पुढे-मागे करा. एवढ्यावर पुष्कळ गेम बॉय उठून बसतात. नाहीच उठला तर मागचे सहा स्क्रू काढावे लागतात. ते बहुधा तीन पाकळ्यांचे असतात आणि त्याला तसाच स्क्रू ड्रायव्हर लागतो. साध्या चपट्याने खटपट करू नका, डोकं घासलं की स्क्रू निघत नाही. दोन्ही अर्धी पुस्तकासारखी उघडा, ओढू नका. त्यांना जोडणारी रुंद पट्टीची केबल आत असते.

दिवा लागला की पुढची खूण पडद्यावर मिळेल. सुरू होताना वरून ‘निन्टेंडो’ हे कंपनीचं नाव खाली सरकतं. नावाच्या जागी काळा सलग पट्टा उतरला तर घाबरू नका, उलट ती चांगली बातमी समजा. यंत्रातला २५६ बाइटचा सुरुवातीचा प्रोग्रॅम ते नाव कॅसेटमधून वाचतो आणि स्वतःजवळच्या प्रतीशी ताडून पाहतो. कॅसेटचा संपर्कच नसला की सगळे ठिपके काळे वाचले जातात. म्हणजे यंत्र ठणठणीत आहे, कॅसेटचे पाय, म्हणजे तिच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्या, साफ करायचे आहेत. नाव तुटक, विस्कटलेलं आलं तरी अर्थ तोच.

गेम चालू झाला, पण काही उभ्या रेघांत चित्रच नाही, ही या मॉडेलची वयाबरोबर येणारी तक्रार. काचेच्या खालच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीचा जोड सैल होतो. यंत्र उघडून, चालू ठेवून, कमी तापमानावर ठेवलेलं सोल्डरिंग आयर्नचं टोक त्या जोडावरून हलकेच सरकवलं की रेघा एकेक करून परत येतात. एका जागी थांबलात तर पट्टी वितळते, मग उपाय नाही. आडव्या रेघा गायब असतील तर मात्र हा प्रयोग करू नका. तो जोड बाजूला असतो आणि आयर्नने क्वचितच सुधारतो. तिथे पडदाच बदलावा.

प्रश्न : टीव्हीला लावायच्या गेमच्या पिवळ्या कॅसेटी आम्ही लहानपणी फुंकर मारून लावायचो आणि त्या चालायच्या. आता मुलगा म्हणतो फुंकर मारू नका. खरं कोणाचं? (लालबाग)

उत्तर : मुलाचं. फुंकर मारायला तुम्ही कॅसेट काढत होतात आणि पुन्हा बसवत होतात. त्या काढ-घालीत पाय घासले जायचे आणि संपर्क जुळायचा, काम ते करायचं. फुंकरेतून जाते ती तोंडातली वाफ आणि थुंकीचे कण. तांब्यावरचा मुलामा पातळ असतो, त्यावर ओल बसली की काही महिन्यांत काळे-हिरवे डाग पडतात, मग आणखी फुंकर लागते.

साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. ग्रँट रोड स्टेशनबाहेर लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानांत ‘आयपीए’ म्हणून मागा. केमिस्टकडच्या स्पिरिटमध्ये पाणी बरंच असतं, ते सावकाश सुकतं. इअरबड ओला करून पायांवर उभा, म्हणजे पायांच्या लांबीच्या दिशेने फिरवा. आडवा घासलात तर कापसाचे तंतू दोन पायांमध्ये अडकतात. इअरबड काळा येईनासा होईपर्यंत नवे घेत राहा, मग दहा मिनिटं सुकू द्या. खोडरबर शेवटचा उपाय. डाग अल्कोहोलने हललाच नाही तर पांढरं मऊ खोडरबर दोन-तीनदाच फिरवा, कारण ते घाणीसोबत मुलामाही नेतं. गंज सोडवायचे तेलकट स्प्रे अजिबात नकोत, त्यावर धूळ चिकटून बसते.

पिवळ्या कॅसेटींना ६० पाय असतात, फॅमिकॉम या निन्टेंडोच्या टीव्हीला लावायच्या जपानी यंत्राची ती रचना. परदेशातून ७२ पायांची करड्या रंगाची कॅसेट कोणी आणली तर ती तुमच्या यंत्रात थेट बसणार नाही, मध्ये अडॅप्टर लागेल. पैसे द्यायच्या आधी पाय मोजा.

प्रश्न : माझ्याकडे पोकेमॉन सिल्व्हरची मूळ कॅसेट आहे. गेम नीट चालतो, सेव्हही होतो, पण बंद करून पुन्हा लावला की सगळं गायब. कॅसेट खराब झाली का? (मुलुंड)

उत्तर : कॅसेट उत्तम आहे, तिच्या पोटातला बटण सेल संपला आहे. त्या काळच्या कॅसेटीत सेव्ह साठतो तो एका रॅम चिपवर, आणि ती चिप वीज असेपर्यंतच आठवण ठेवते. पोकेमॉनच्या गोल्ड, सिल्व्हर आणि क्रिस्टल या तिघींत दिवस-रात्रीचं घड्याळही त्याच सेलवर चालतं, म्हणून त्यांचा सेल लवकर आटतो. सिल्व्हर जपानात १९९९ च्या नोव्हेंबरात आणि अमेरिकेत २००० साली आली. तो सेल इतकी वर्षं टिकला हेच नवल.

तुमच्याकडे आता गमावण्यासारखं काही उरलेलं नाही, तेव्हा सरळ बदला. मात्र ज्यांचा सेव्ह अजून जिवंत आहे त्यांनी इथे थांबावं. सेल काढला की लहानपणी जमवलेला पोकेमॉनचा सगळा संघ त्या क्षणी पुसला जातो. आधी संगणकाला जोडायच्या कॅसेट रीडरने सेव्हची फाइल संगणकावर उतरवा, सेल बदलल्यावर तीच परत चढवा. जुना सेल काढण्याआधी दुसरी वीज जोडून ठेवायची युक्ती काही जण सांगतात. हात थोडा जरी घसरला तरी सेव्ह जातो, आम्ही ती सुचवणार नाही.

सामान असं लागेल : कॅसेटच्या खास स्क्रूसाठीचा ३.८ मिमीचा गेमबिट स्क्रू ड्रायव्हर, टॅब लावलेला सीआर२०२५ सेल, सोल्डरिंग आयर्न, बारीक सोल्डर आणि थोडं फ्लक्स. टॅब म्हणजे सेलला कारखान्यातच वेल्ड केलेल्या पत्र्याच्या दोन पट्ट्या. साधा सेल आणून त्यावर थेट सोल्डर करू नका. तो तापला की आतला पडदा जळतो, आणि कधी कधी फुटतोही. दुसरी चूक चिकटपट्टीची. जुन्या पट्ट्यांखाली नवा सेल सरकवून टेप मारणारे पुष्कळ आहेत. मुंबईत टेपचा डिंक उन्हाळ्यात ओघळतो, सेल तसूभर सरकतो, आणि सेव्ह पुन्हा जातो. तिसरी चूक त्याहून वाईट, एलआयआर२०२५ हा चार्ज होणारा सेल आणणे. आकार तोच, पण पूर्ण भरल्यावर त्याचा दाब ४.२ व्होल्टपर्यंत जातो आणि कॅसेटला हवेत ३. शिवाय कॅसेट त्याला चार्ज करत नाही.

जुना सेल काढण्याआधी बोर्डावरच्या अधिक-उणे खुणांचा मोबाइलवर फोटो काढा. आयर्न ३२० ते ३५० अंशांवर ठेवा, जुन्या सोल्डरवर थोडं नवं सोल्डर लावा म्हणजे ते चटकन वितळतं, आणि पट्टी चिमट्याने उचला. एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, बोर्डावरचं तांब्याचं वर्तुळ उपटून येतं. नवा सेल लावल्यावर मल्टिमीटरवर ३ व्होल्टच्या आसपास आकडा आला की झाकण लावा. गेम सुरू करून सेव्ह करा, बंद करा, रात्रभर ठेवा, सकाळी पाहा.

गेम बॉय अॅडव्हान्सवरच्या पोकेमॉन रूबी, सफायर आणि एमराल्डवाल्यांसाठी वेगळं सांगतो. ‘आतली बॅटरी संपली’ असा संदेश इंग्रजीत आला तरी तुमचा सेव्ह सुरक्षित आहे, कारण तो विजेशिवायही आठवण ठेवणाऱ्या फ्लॅश चिपवर असतो. सीआर१६१६ सेल फक्त घड्याळासाठी आहे. बोरांच्या बिया उगवणं, भरती-ओहोटी एवढंच थांबतं. सवडीने बदला.

हाच गेम विकत घेत असाल तर खोटी कॅसेट ओळखायला शिका. गेम बॉय अॅडव्हान्सच्या मूळ कॅसेटीत, पायांच्या अगदी वर, उजेडात तिरकं धरलं की बोर्डावर छापलेलं निर्मात्याचं नाव दिसतं. पुढच्या लेबलवर दोन आकडे हलकेच दाबलेले असतात, बोटाला जाणवतात. मागचा स्क्रू तीन पाकळ्यांचा. साधा चौफुलीचा स्क्रू दिसला तर कॅसेट मूळ नाही, किंवा आधी कोणीतरी उघडली आहे. चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, घासाघीस जरूर करा, पण त्याआधी हे तीन बघा. जमल्यास सोबत यंत्र न्या आणि तिथेच लावून पाहा.

प्रश्न : गेम बॉय अॅडव्हान्स आहे. पडदा इतका अंधारा की खिडकीशी बसावं लागतं. नवा, उजळ असा आयपीएस पडदा बसवावा की सरळ अॅडव्हान्सचाच मिटणारा प्रकार, एसपी, घ्यावा? लोकलमध्ये खेळायचं आहे. (बोरिवली)

उत्तर : लोकलसाठी एसपी. २००१ च्या अॅडव्हान्सला मुळात उजेडच नाही, तो बाहेरच्या प्रकाशावर अवलंबून. २००३ चा एसपी मिटतो, खिशात पडद्याला ओरखडा येत नाही, आणि आत ६०० एमएएचची चार्ज होणारी बॅटरी आहे. दिवा लावून सुमारे १० तास, विझवून १८ तास असा तिचा मूळ हिशेब, जुनी बॅटरी अर्थात तेवढी देणार नाही. त्याला हेडफोनचं साधं भोक नाही, त्यासाठी अडॅप्टर लागतो, हे डब्यातल्या सहप्रवाशांसाठी लक्षात ठेवा.

एसपी दोन प्रकारचा. ००१ क्रमांकाच्या मॉडेलमध्ये उजेड पडद्यावर समोरून पडतो, रंग धुतल्यासारखे दिसतात. १०१ मध्ये तो मागून येतो आणि चित्र खुलतं. मागच्या स्टिकरवर विसंबू नका, बाहेरचं कवच बदललेले एसपी बाजारात पुष्कळ आहेत. दिव्याचं बटण दाबा. उजेड पूर्ण विझला तर ००१. दोन पातळ्यांत कमी-जास्त झाला, पण विझला नाही, तर १०१.

तुमचा अॅडव्हान्स हातात छान बसतो आणि तोच हवा असेल तर आयपीएस किट जरूर बसवा, चित्र डोळ्यांत भरण्यासारखं येतं. पण मागवण्याआधी यंत्र उघडून पडद्याची केबल ३२ पिनांची आहे की ४० ची ते मोजा. दोन्ही प्रकारचे बोर्ड आहेत आणि काही किटमध्ये एकच केबल येते. बऱ्याच किटसाठी कवचाच्या आतले प्लॅस्टिकचे कंगोरे कापावे लागतात. घाईत जास्त कापलं तर काच कलते. कापकाम टाळायचं असेल तर आधीच कापून तयार केलेलं कवच घ्या.

किट बसवल्यावर हमखास येणारी तक्रार अशी : नवे सेल घातले तरी दिवा हिरव्याचा लाल होतो, किंवा यंत्र मध्येच बंद पडतं. दोष किटचा नसतो. नवा पडदा जास्त वीज ओढतो आणि गंजलेल्या खटक्यात दाब गळतो. खटका अल्कोहोलने धुवा. चार्ज होणारे सेल वापरत असाल तर प्रत्येकी १.२ व्होल्ट, दोघांचे मिळून २.४ होतात, अल्कलाइनचे ३. म्हणून लाल दिवा लवकर लागतो, पण तो लागल्यावरही असे सेल बराच वेळ चालतात. ठेवून ठेवून उतरत नाहीत असे, २००० एमएएचच्या आसपासचे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या.

प्रश्न : साडेतीन इंची पडद्याचं, उभ्या आकाराचं, जुने गेम चालवणारं चिनी हँडहेल्ड एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलं. तीन तक्रारी : दोन महिन्यांत कार्ड वाचेनासं झालं, माझ्या मोबाइलच्या चार्जरने चार्ज होत नाही, आणि गेम बॉय अॅडव्हान्सचे गेम धूसर दिसतात. फसवणूक झाली का? (चेंबूर)

उत्तर : यंत्र बहुधा ठीक आहे. तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी, एकेक घेऊ.

कार्ड. यंत्रासोबत येणारं निनावी मायक्रोएसडी कार्ड टिकत नाही, हे गृहीतच धरा. नवं यंत्र हाती आलं की खेळण्याआधी त्या कार्डाची पूर्ण प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, संगणकावर काढावी आणि नामांकित कंपनीच्या ३२ किंवा ६४ जीबी कार्डावर ती लिहावी. जुनं कार्ड पाकिटात घालून ठेवून द्यावं. तुमचं मेलंच आहे, तेव्हा तुमच्या नेमक्या मॉडेलची प्रणाली उतरवून नव्या कार्डावर लिहावी लागेल. मॉडेलच्या नावातलं एक अक्षर चुकलं तरी पडदा काळा राहतो, म्हणून खोक्यावरचं नाव अक्षर अक्षर ताडून पाहा. रस्त्यावर स्वस्तात मिळणारी कार्डं घेऊ नका. त्यांतली काही १२८ जीबी दाखवतात आणि आत असतात ८. भरल्यावर जुन्याच फाइलींवर नव्या लिहितात. एच२टेस्टडब्ल्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम कार्ड पूर्ण भरून आणि परत वाचून खरी क्षमता सांगतो. काही तास लागतात, रात्री लावून झोपा. आणि महिन्यातून एकदा सेव्हच्या फाइली संगणकावर उतरवा. एसआरएम शेपटीच्या फाइली महत्त्वाच्या, गेमने स्वतः केलेला सेव्ह त्यांत असतो. सेव्ह स्टेट, म्हणजे यंत्राने त्या क्षणी टिपून ठेवलेली गेमची स्थिती, ही दुसरी गोष्ट. प्रणाली बदलली की स्टेट कधी कधी उघडत नाही, एसआरएम बहुधा चालते.

चार्जिंग. तुमची केबल दोन्ही टोकांना टाइप-सी असणार. अशी केबल लावल्यावर चार्जर आधी विचारतो, पलीकडे कोणी आहे का? उत्तर देण्यासाठी यंत्रात ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात. अनेक स्वस्त यंत्रांत ते बसवलेले नसतात, मग चार्जर वीज सोडतच नाही. एका टोकाला जुना चपटा यूएसबी आणि दुसऱ्याला टाइप-सी अशी केबल घ्या, ५ व्होल्टचा साधा चार्जर लावा. ती केबल विचारपूस न करता ५ व्होल्ट देते. घरातल्या एखाद्या जुन्या फोनचा चार्जर चालेल.

धूसर चित्र. हे गणित आहे आणि ते समजलं की यंत्र निवडणं सोपं होतं. तुमचा पडदा ६४० गुणिले ४८०, अॅडव्हान्सचं चित्र २४० गुणिले १६०. ६४० ला २४० ने भागलं की २.६६ येतात, म्हणजे एका ठिपक्याचे कधी दोन होतात, कधी तीन. ते लपवायला यंत्र कडा पुसट करतं आणि तुम्हाला धूसर दिसतं. सेटिंगमध्ये ‘इंटिजर स्केल’ सुरू करा. चित्र दुप्पट, ४८० गुणिले ३२० होईल, भोवती काळी चौकट राहील, पण ठिपके सुईसारखे स्वच्छ. जुन्या गेम बॉयचं १६० गुणिले १४४ या पडद्यावर तिप्पट बसतं, आणि प्लेस्टेशनच्या ३२० गुणिले २४० चं तर नेमकं दुप्पट, काठोकाठ. मुख्यतः अॅडव्हान्सच खेळणार असाल तर ७२० गुणिले ४८० चा पडदा शोधा, तिथे ते नेमकं तिप्पट होतं.

शेवटी न विचारलेलं एक. कार्डात भरून आलेले हजारो गेम मूळ हक्कदारांच्या परवानगीने दिलेले नसतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला हानीपासून बचावापुरती बॅकअप प्रत करू देतं, दुसऱ्याच्या प्रतीची नक्कल वाटायला नाही. घरात मूळ कॅसेटी असतील तर यूएसबीला लागणारा कॅसेट रीडर घ्या आणि आपलेच गेम उतरवा. गेम बॉयसाठी आजही नवे गेम लिहिले जातात, त्यांतले कित्येक त्यांच्या कर्त्यांनीच मोफत दिलेले आहेत. तेही जरूर खेळून पाहा.

प्रश्न : एकाकडे गेम बॉय कलर, दुसऱ्याकडे एसपी. लिंक केबल लावून पोकेमॉनची अदलाबदल होत नाही. (माहीम)

उत्तर : तुमच्याकडे अॅडव्हान्सची केबल असावी. दोन्हीकडे जुन्या गेम बॉयचे गेम असतील, जसं गोल्ड आणि सिल्व्हर, तर केबल गेम बॉय कलरची लागते, मग एक यंत्र एसपी असलं तरी. रूबी आणि सिल्व्हर यांच्यात मात्र कोणत्याही केबलने अदलाबदल होत नाही. सर्वांत पहिल्या जाड गेम बॉयचं भोक आणखी मोठं, त्याला वेगळं टोक लागतं.

प्रश्न : पीएसपीचं, म्हणजे सोनीच्या हातात धरायच्या प्लेस्टेशनचं, मागचं झाकण फुगून वर आलं आहे. दाबून बसवू का? (विलेपार्ले)

उत्तर : मुळीच नाही. बॅटरीत वायू साठला आहे. चार्जर काढा, यंत्र बंद करा, बॅटरी हलकेच बाहेर घ्या. टोकदार वस्तूने उचकटू नका, भोक पडलं तर पेट घेते. ती लोखंडी डब्यात, घरातल्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रावर द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही. तोवर पीएसपी बॅटरीशिवाय, नुसत्या ५ व्होल्टच्या चार्जरवर चालतं. नवी घेताना मॉडेल पाहा : १००० ला जाड, १८०० एमएएचची, २००० आणि ३००० ला पातळ, १२०० ची. पातळ यंत्रात जाड बॅटरी घातली तर झाकणही जाड घ्यावं लागतं. मेमरी स्टिक मिळत नसेल तर मायक्रोएसडीचा अडॅप्टर चालतो, पण कार्ड संगणकावर नव्हे, पीएसपीतच फॉर्मॅट करा.

प्रश्न : ‘९९९९ इन १’ ब्रिक गेमचं फिरवायचं बटण जोरात दाबल्याशिवाय चालत नाही. (भांडुप)

उत्तर : सेल काढा, मागचे स्क्रू काढा. बटणाखाली रबर असतं आणि त्याच्या टोकाला काळी टिकली. ती टिकली बोर्डावरच्या कंगव्यासारख्या रेषांना जोडते. दोन्ही अल्कोहोलने पुसा, टिकलीला घासू नका. सर्वांत जास्त वापरलेलं बटण तेच असल्यामुळे टिकली झिजली असेल तर मऊ पेन्सिलीचं शिसं तिच्यावर चोळा, काही आठवडे निघतील. पक्कं काम हवं असेल तर टीव्ही रिमोटच्या दुरुस्तीसाठी मिळणाऱ्या चिकट टिकल्या लावा. पडद्यावरचे ठिपके पुसट असतील तर पडद्यालगतचे स्क्रू पाव फेरा आवळा. काचेखालची रबरी पट्टी दाबली गेली की ठिपके भरतात. जास्त आवळलं तर काच तडकते.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे, मोबाइलवरून हलवून हिच्या हातात गेम बॉय द्यायचा आहे. सुरुवात कोणत्या गेमने? (दादर)

उत्तर : ‘कर्बीज ड्रीम लँड’ने. १९९२ चा हा गेम नवशिक्यांसाठीच रचलेला आहे, पाचच टप्पे, एका सुट्टीच्या दुपारी संपतो, आणि पहिला गेम संपवण्याचा आनंद मुलांना हवा असतो. मग ‘टेट्रिस’, तो तुम्हीही खेळाल. तिसरा, आमच्या मते गेम बॉयवरचा सर्वांत सुंदर कोडेगेम, १९९४ चा ‘डाँकी काँग’. पहिले चार टप्पे पाहून जुनाच गेम वाटेल, पुढे आणखी ९७ आहेत. पोकेमॉनला वाचन लागतं, तो वर्षभराने द्या.

प्रश्न : पावसाळ्यात हे सगळं कसं ठेवावं? समुद्र आमच्या घरासमोरच आहे. (वरळी)

उत्तर : आधी प्रत्येक यंत्रातून सेल काढा. ज्यांत लिथियम बॅटरी कायम बसवलेली आहे ती यंत्रं अर्धी चार्ज करून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा अर्ध्यावर आणा. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी बॅटरी पडून राहिली की लवकर मरते. कॅसेटी आणि यंत्रं कोरड्या दिवशी, शक्यतो मेमध्येच, रबराची कडा असलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पावसाच्या दिवशी भरलात तर ओल आत कोंडली जाईल. पाच लिटरच्या डब्याला सिलिका जेलच्या ५०-५० ग्रॅमच्या दोन पुड्या पुरतात. रंग बदलणारी, नारिंगी प्रकारची घ्या. ती हिरवट झाली की ओल भरली असं समजा, दाणे पुडीतून काढून ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवा आणि परत भरा. तांदूळ घालू नका, त्याची भुकटी आणि पोरकिडे दोन्ही कॅसेटच्या फटीत शिरतात. लोखंडी कपाटाच्या तळाशी डबा ठेवू नका, समुद्राकडच्या भिंतीला तर नाहीच. गणपतीच्या सुट्टीत एक कोरडा दिवस पाहून डबा उघडा, प्रत्येक कॅसेट एकदा लावून काढा, खटके दहा-दहा वेळा सरकवा, पुड्या बदला आणि झाकण लावा.